आखाडा कुठंय नकाशात?

ड्रोन यायच्या आदल्या दिवशी गावात चुन्याची पोती आली. दवंडी झाली, की ज्यानं त्यानं आपापल्या घराच्या अन् मोकळ्या जागेच्या कडेनं चुन्याची रेघ ओढून ठेवावी, उद्या वरून फोटो निघणार आहेत. दुपार होईपर्यंत गावात चार भांडणं झाली. आमच्या अन् चुलत्यांच्या घरामधी एक बोळ आहे, दोन माणसं अंग चोरून जातील एवढा. त्या बोळातून सत्तर वर्षं दोन्हीकडच्या पन्हाळीचं पाणी वाहत आलं, अन् तो बोळ कुणाचा असं कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. चुलतभावानं आमच्या भिंतीला चिकटून रेघ ओढली, माझ्या थोरल्या भावानं ती पायानं पुसली अन् त्यांच्या भिंतीला चिकटून दुसरी ओढली. शेवटी सरपंचांनी मधोमध तिसरी ओढली. वरून तीन रेघा दिसल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानातून ते यंत्र भुंग्यासारखं आवाज करत वर गेलं. पोरं माळवदावर चढली. माझी आत्या ओसरीत ज्वारी निवडत बसलेली, तिनं विचारलं, "काय करायलेत रं वर?"

"घरं मोजायलेत, आत्या."

"वरूनच?"

"वरूनच."

तिनं थोडा वेळ वर बघितलं अन् म्हणाली, "मंग मह्या दोन खणाचं काय लिहितेत, ते इचारून ये बरं."

मी विचारून आलो नाही. तिच्या प्रश्नाला तिथं उत्तर मिळणार नाही हे मला माहीत होतं. आत्या विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली. आजोबांनी तिला मागच्या बाजूचे दोन खण दिले, तोंडानं दिले. पन्नास वर्षं झाली, ती त्या दोन खणांत राहते, तिथंच चूल पेटवते. छत एक, भिंती सलग. वरून ते एकच घर दिसतं अन् त्याला एकच नाव लागतं. ते नाव माझ्या थोरल्या भावाचं लागलं.

आता आधीच सांगून टाकतो, नाहीतर शहाणे लोक मला लगेच मोजणीच्या विरोधात उभं करतील. मी मोजणीच्या विरोधात नाही. स्वामित्व योजना केंद्रानं २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी जाहीर केली. आपल्या राज्यात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग झाला होता. काम चांगलं आहे. खेड्यातल्या घराला सातबारा नसतो हे शहरातल्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. आपल्याकडं फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, अन् तो घरपट्टीसाठीचा कागद. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. त्यामुळं शेतावर कर्ज मिळतं, घरावर मिळत नाही. गावात दगडामातीचं लाखाचं घर असलेला माणूस बँकेच्या दारात बेघर असतो. आता मालमत्ता पत्रक मिळेल, सनद मिळेल, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२६ खाली गावठाणाचा रीतसर नकाशा होईल. व्हायलाच पाहिजे होता, शंभर वर्षं आधी व्हायला पाहिजे होता.

माझं भांडण पुढचं आहे. त्या नकाशाला आता लोक 'गावाचा नकाशा' म्हणायला लागले आहेत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगीत छपाई लटकली, अन् गावातली शिकलेली पोरं तिच्यापुढं उभी राहून फोटो काढतात, 'आपलं गाव'. मी म्हणतो, हे आपलं गाव नाही, ही आपल्या गावाची छतं आहेत. अन् ज्याचं छत नाही, किंवा ज्याचं छत गावठाणाच्या रेघेबाहेर आहे, त्याचं काय?

आमच्या मुलखात गाव म्हणजे दोन गोष्टी, पांढरी अन् काळी. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी पांढरी का, तर शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती एकावर एक बसून ती जमीनच पांढुरकी झाली. दुधनेच्या, पूर्णेच्या, गंगेच्या काठच्या कुठल्याही जुन्या गावाला जा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, गंगाखेड हे नाव त्यातूनच आलं), गाव आजूबाजूच्या रानापेक्षा उंचावर दिसेल. नैसर्गिक टेकडी असते असं नाही. बऱ्याच ठिकाणी आपल्याच पूर्वजांच्या पडलेल्या घरांचा तो ढीग असतो. अन् नवीन माळवद घालायचं म्हटलं की माती कुठून आणायची? गढीची. पांढऱ्या मातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून तीच लागायची. म्हणजे मेलेल्या घराची माती जित्या घराच्या डोक्यावर चढायची. दर साली मृगाच्या आधी नवीन थर. गढ्या अशा खालून पोखरल्या अन् घरं वरून जड होत गेली.

घर आम्ही फुटात मोजत नव्हतो, खणात मोजत होतो. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. तुळयांवर किलचन, त्यावर तुराट्या अन् पाला, त्यावर माती. मधी उजेडाला अन् धुराला सवणं. भिंती हातभर, दोन हात रुंद, त्यात देवळ्या. भिंतीच्या पोटात बळद, त्यात वर्षाचं धान्य. ढाळजेत येणाऱ्या-जाणाऱ्याची बैठक. अन् दाराबाहेर, कधी गल्लीच्या खाली सुद्धा, पेव. वरून तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल एवढं, अन् आत खोली एवढी जागा. कडब्यानं आतून मढवायचं, ज्वारी भरायची, तोंड लिंपून टाकायचं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आतली हवा विषारी झालेली असते, कंदील सोडून बघत, विझला तर थांबत. आमच्या गल्लीत अशी सात पेवं आहेत असं माझे वडील सांगत. आता त्यांच्यावर सिमेंटचा रस्ता आहे. सात कुठं कुठं, हे सांगणारं आता एकच माणूस गावात उरलंय, अन् त्याला ऐकू येत नाही. ड्रोनला पेव दिसलं नाही यात ड्रोनचा दोष नाही. पण ज्यांनी ड्रोन उडवला त्यांनी त्या म्हाताऱ्याला काही विचारलं नाही, अन् आम्हीही त्यांना त्याच्याकडं नेलं नाही.

माळवदं का गेली हेही सांगायला पाहिजे, कारण शहरातून 'वारसा' बघायला येणारी मंडळी मला विचारतात, "एवढी सुंदर घरं तुम्ही पाडली कशी?" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. विसर्जनाच्या रात्रीनंतर दमून झोपलेली हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली अन् माळवदाच्या वजनाखाली गेली. आमच्या गावाला नुसता हादरा बसला. पण त्यानंतर कितीतरी रात्री गाव अंगणात झोपलं. ज्या छतावर आम्ही उन्हाळाभर झोपलो, ज्याच्यावर मायनं कुरडया वाळवल्या, त्या छताची आम्हाला भीती वाटायला लागली. ज्याला जमलं त्यानं माती उतरवून पत्रे टाकले. म्हणून वारशावर प्रेम करा म्हणून आम्हाला उपदेश करू नका. ज्यांना त्या वारशाखाली झोपायचं नाही, त्यांना त्याच्या सौंदर्यावर बोलणं सोपं जातं. घर पाडलं याची मला लाज वाटत नाही. ते कसं होतं, कुणाचं होतं, हे कुठंही लिहून ठेवलं नाही याची वाटते.

पण घराचं एवढं तरी आहे, पडकं का असेना ते गावठाणात आहे. आता आखाड्याचं बोलू.

परभणी, हिंगोली, नांदेडकडं आखाडा म्हणजे कुस्तीचं मैदान नव्हे. रानातल्या गोठ्याला, वस्तीला आम्ही आखाडा म्हणतो. हिंगोली जिल्ह्यातलं आखाडा बाळापूर हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १ मे १९९९ पर्यंत ते आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं. शिवारात, गावापासून कोस-अर्ध्या कोसावर, चिंचेच्या नाहीतर लिंबाच्या सावलीला आखाडा. दावणीला बैल, गव्हाण, कडब्याची गंजी, औतं, विहिरीवरची मोट, नंतर इंजिन. एका कडेला कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंतींची एक खोली. तिच्यात सालगडी अन् त्याचं बिऱ्हाड.

गावात आमचा वाडा होता, पण आमची शेती जिवंत ठेवली ती आखाड्यानं. रात्री बैलाला वैरण कोण टाकायचं? गाय व्याली तर कंदील धरून कोण बसायचं? दुधनेला पूर आला तर जनावरं सोडून माळावर कोण न्यायचं? आमच्या आखाड्यावर एका कुटुंबाच्या तीन पिढ्या राहिल्या. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला संपायचं, अन् दुसऱ्या दिवशी परत सुरू. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. मामींची दोन बाळंतपणं त्याच खोलीत झाली. मामांच्या वडिलांनी ती खोली स्वतःच्या हातानं रचली, आमच्या आजोबांनी फक्त वासे दिले. विहिरीच्या कडेचा आंबा मामांनी लावला. त्याला आम्ही 'मामाचा आंबा' म्हणायचो अन् आंबे आम्ही खायचो.

हा आखाडा कुठल्या कागदावर आहे? गावठाणाच्या नकाशात नाही, कारण तो गावठाणाच्या बाहेर. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, आंब्याची आहे, पण आखाड्यात राहणाऱ्या माणसांची नाही. अन् खाली पडलेली खोली सोडली तर जमिनीवरही आता तो नाही.

काही वर्षांमागं आमच्या शिवारातून एक नवीन रस्ता निघाला. संयुक्त मोजणी झाली. मोजणीवाले काटेकोर होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एकेक झाड मोजलं, विहीर मोजली, पाइपलाइन मोजली, आखाड्याची खोलीसुद्धा 'बांधकाम' म्हणून मोजली. पैसे आले ते सातबाऱ्यावरच्या नावांवर, म्हणजे आमच्या तिघा भावांवर. मामा तोवर वारले होते. त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर त्याच चिंचेखाली खेळलेला, आता परभणीत हमाली करतो. तो आला. भांडायला आला नव्हता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, अन् उठताना म्हणाला, "दादा, त्या खोलीचं अन् आंब्याचं बी आलं म्हणं. त्यात आमचं काहीच नसतंय का?"

थोरला भाऊ म्हणाला, "कागदावर काही नाही ना रे बाबा." अन् ते खरंच होतं. कागदावर काही नव्हतं.

नंतर मी पुस्तकं चाळली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' कुणाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जमिनीवर राबून ज्याचं पोट भरतंय, तो शेतमजूरही तिच्यात येतो. मामांच्या मुलाची तीन वर्षं नाही, तीन पिढ्या झाल्या होत्या. पण मोजणीच्या वेळेस तो तिथं राहत नव्हता, अन् कधीकाळी राहत होता याचा पुरावा कुठं? मतदार यादीत नाव गावातल्या वस्तीचं. रेशनकार्ड तिथलंच. त्या खोलीत दोन लेकरं जन्मली, एक म्हातारा मेला, पण ती खोली सरकारच्या लेखी आमचा गोठा. मी माझ्या वाट्यातून त्याला काही रक्कम दिली. त्यानं घेतली. पण देताना मला कळत होतं, की ही आता मदत झाली. हक्क असता तर त्याला चहाच्या कपाकडं बघत बोलावं लागलं नसतं.

तेव्हापासून मी नकाशा हा शब्द ऐकला की कान टवकारतो. नकाशा म्हणजे नुसतं चित्र नव्हे. उद्या पैसे वाटायची वेळ आली, रस्ता अडवायची वेळ आली, वाटणीची वेळ आली, की जे नकाशात आहे त्याला तोंड फुटतं अन् जे नाही ते मुकं होतं.

अन् असं म्हणू नका की नकाशे असेच असतात. जुने नकाशे यापेक्षा बरे होते, निदान एका बाबतीत. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. सालारजंगाच्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथं जमिनीची मोजणी झाली. साखळी घेऊन माणसं बांधाबांधानं पायी फिरली. त्या धर्तीच्या गावनकाशात शिव आहे, ओढे आहेत, अन् वाटाही आहेत. एक तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट, सव्वाआठ फुटांची. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीरस्ता, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. आज पाणंद नांगरून गिळणाऱ्या बागायतदाराला तहसीलमध्ये खेचायचं तर शेवटी तोच नकाशा काढावा लागतो. कुणीतरी दीडशे वर्षांमागं उन्हात चालला म्हणून ती वाट आज कायद्यात उभी आहे.

पोलीस ॲक्शन झाली, १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. जहागिऱ्या गेल्या, १९५० चा कूळकायदा आला. त्यानंतर १९५४-५५ चं खासरा पत्रक झालं, जे आजही आपल्याकडं कोर्टात दाखवावं लागतं. त्या पत्रकात ताबा कुणाचा, वहिती कुणाची याची नोंद झाली. ज्या कुळाचं नाव त्यात लागलं ते तरलं. ज्याचं नाव लागायच्या दिवशी तो दुसऱ्याच्या औतामागं होता, किंवा ज्याला देशमुख-पाटलाच्या धाकानं बोलता आलं नाही, त्याची पोरं आजही सालगडी आहेत. गायरानाचंही तेच. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहानंतर मराठवाड्यात किती दलित कुटुंबांनी गायरानाचा मुरूम फोडून त्याचं शेत केलं! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अतिक्रमणं नियमित करायची ठरली. पण पुरावा मागितला गेला. पिकाची नोंद आहे का? दंडाची पावती आहे का? ज्याच्याकडं दंडाची पावती निघाली तो वाचला. गंमत बघा, ज्याला सरकारनं पकडलं त्याचा हक्क टिकला अन् ज्याच्याकडं कुणी बघितलंच नाही त्याचा गेला.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. दूर कॅनडाच्या गवताळ माळावर १८६९ साली असंच झालं. तिथं रेड नदीच्या काठी मेती नावाचे लोक राहत. त्यांची शेतं लांबट पट्ट्यांची, प्रत्येकाला नदीचं पाणी मिळेल अशी, आपल्या थडीच्या शेतांसारखीच. पूर्वेकडच्या सरकारनं मोजणीदार पाठवले, ते सगळा माळ चौकोनात कापत आले. ऑक्टोबर महिन्यात लुई रियेल नावाच्या तरुणानं अन् त्याच्या साथीदारांनी त्यांची साखळी अडवली. आधी आम्हाला विचारा, मग मोजा, असं त्यांचं म्हणणं. पुढं त्यातून मोठी बंडाळी झाली अन् १८८५ साली रियेलला फाशी झाली. नंतर त्याच चौकोनांमधून १६०-१६० एकर बाहेरून आलेल्या लोकांना घरवसाहतीसाठी वाटले गेले. आज त्यांचे नातू-पणतू आपल्या आजोबांची पहिली मातीची झोपडी कुठं होती, विहीर कुठं होती, शाळा कुठं होती ते शोधून गावोगाव लिहून ठेवतात. मला त्यांचा हेवा वाटतो. पण त्या चौकोनांखाली दुसऱ्यांच्या वाटा गाडल्या गेल्या, हेही त्यांच्यातले शहाणे लोक आता लिहितात. आपण निदान ते दुसरं पाऊल पहिल्यासोबतच टाकू शकतो.

आता काही मंडळी म्हणतील, "गुरुजी, वारसा जपायचं काम चालू आहे की. बारवा साफ होत आहेत." होत आहेत, अन् त्याचा मला आनंद आहे. आपल्या जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची देवळं अन् बारव, सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार उतरत जाणारी बारव, ही नावं काही वर्षांत राज्यभर गेली. पोरांनी गाळ उपसला, झुडपं तोडली, राज्यभरच्या बारवांची ठिकाणं नकाशावर टिपली. कुणी पगार दिला नव्हता. हे काम ज्यांनी केलं त्यांना हात जोडतो. पण त्यातूनच माझा प्रश्न निघतो. बारव दगडाची होती म्हणून उरली, राजानं नाहीतर श्रीमंतानं बांधली म्हणून सुंदर होती, म्हणून आपल्याला दिसली. मातीचं जे होतं, गरिबानं बांधलं होतं, ते दिसायला उरतच नाही. मग वारशाच्या यादीत पुन्हा देऊळ, गढी, वाडा एवढंच येणार. आखाडा येणार नाही. मांगवाड्यातला आड येणार नाही, जो खणावा लागला कारण गावच्या बारवेवर पाणी भरू देत नव्हते. त्या बारवेच्या पायऱ्यांचा फोटो काढणाऱ्यानं त्या आडाचाही काढला पाहिजे, नाहीतर त्यानं अर्धंच गाव बघितलं.

अन् गावातल्या माझ्या भावांनो, तुम्हाला सोडून बोलणं सोयीचं नाही. सरकारला नावं ठेवून आपण मोकळे होतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छाती फुगवून म्हणणारे आपण, आपल्या शिवारातल्या शेतांची नावं तरी किती जणांना येतात? माझ्या लहानपणी प्रत्येक तुकड्याला नाव होतं. बारवीचं, चिंचेचं, इनामाचं, खारीचं, थडीचं, मसोबाचं, म्हातारीचं. नावावरून कळायचं, इथं पाणी लागतं, इथं मीठ फुटतं, हे कुणा विधवेनं एकटीनं कसलं. माझ्या पुतण्याला गट नंबर येतो. तो नंबर मोबाइलवर टाकून सातबारा काढतो, विमा भरतो, हुशार आहे. पण खारीच्या रानात त्यानं मोसंबी लावली अन् ती बसली नाही, तेव्हा मी म्हणालो, "अरे, नावातच खार होती." तो म्हणाला, "मला कुणी सांगितलं?" खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मीच नव्हतं सांगितलं.

मग करायचं काय? नुसतं भांडून भागत नाही, म्हणून सांगतो.

गावठाणाची मोजणी पूर्ण झाली की सनद वाटायच्या आधी ग्रामसभा भरवा, अन् तिच्यात एकच विषय ठेवा, 'नकाशात काय नाही'. म्हाताऱ्यांना पुढं बसवा. बायांना वेगळं बसवून विचारा, कारण पुरुषांपुढं माझी आत्या बोलणार नाही. एका छताखाली कुणाचे किती खण, कुणाची वेगळी चूल, हे लिहून घ्या अन् इतिवृत्तात टाका. त्यानं मालकी लागत नाही हे मला कळतं. पण उद्या वाद झाला तर निदान गावानं एका तारखेला, सगळ्यांदेखत असं म्हटलं होतं, एवढा कागद राहील.

दुसरं, शिवाराची फेरी काढा. जुना गावनकाशा भूमी अभिलेखातून काढता येतो, त्याची मोठी प्रत करा. शाळेची पोरं, दोन म्हातारे, एक सालगडी राहिलेला माणूस, एक मेंढरं राखणारा. उन्हाळ्यात, रान मोकळं असताना, शिवेपासून सुरुवात करा. शेताचं नाव, विहीर कुणी खणली, आखाड्यावर कोण राहत होतं, वाट कुठून कुठं, मसोबा कुठं, मेंढरं कुठं बसायची, पेव कुठं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांची नोंदवही ठेवायचं बंधन आहेच. झाडं-पाखरं लिहायची वही आहे, तिच्यातच वाटा अन् आखाडेही लिहायला कुणी हात धरत नाही.

तिसरं, आखाड्यावर जे आज राहतात त्यांची नोंद करा. सालगडी कमी झाले, पण संपले नाहीत. आता आखाड्यावर दुसरीकडून आलेली कुटुंबं राहतात, कधी दुसऱ्या राज्यातली. मालकांनो, घाबरू नका. त्यांचं नाव लिहिलं म्हणून तुमची जमीन जात नाही. तुम्हाला एवढीच भीती असेल, तर ती भीती कशाची आहे याचा रात्री एकदा विचार करा. मी केलाय. मला उत्तर आवडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी एकट्यानंच सुरुवात केली. शाळेतली आठ पोरं आली, दोन दिवसांनी चार उरली. मामांच्या मुलाला परभणीहून बोलावून घेतलं. त्याला एका दिवसाची मजुरी देऊ केली, त्यानं घेतली नाही. नवीन रस्त्याच्या भरावाखाली आमच्या आखाड्याचा निम्मा भाग गेलाय. राहिलेल्या निम्म्यात तो उभा राहिला अन् हातवारे करत पोरांना सांगू लागला. इथं दावण, इथं गंजी, इथं चूल. इथं मही माय दळायची. एक पोरगी वहीत चौकोन काढत होती. तिनं विचारलं, "ह्या खोलीवर नाव कुणाचं टाकू?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "त्याच्या आज्याचं टाक."

तिनं आज्याचं नाव विचारलं. ते मला माहीत नव्हतं. तीन पिढ्या त्यांच्या हातचं खाल्लं, अन् त्या माणसाचं नाव मला त्याच्या नातवाला विचारून घ्यावं लागलं. पोरीनं ते चौकोनात लिहिलं. वही माझ्याकडं आहे, शाळेचीच साधी दोनशे पानी. अजून एकशे चाळीस पानं कोरी आहेत, अन् आत्याचे दोन खण अजून लिहायचे आहेत.